जनावरांची स्वप्ननिद्रा आणि मेंदूतील रसायने

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गासाठी)

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत, धानाच्या बांध्यांनी वेढलेले बपेरा हे गाव आहे. हिवाळ्यातील पहाटे येथील एखाद्या कोठ्यात डोकावले, तर पुष्कळदा पुढील दृश्य दृष्टीस पडते. तणसावर बसलेली गाय संथपणे रवंथ करीत असते. डोळे अर्धवट मिटलेले असतात. मान मात्र उभी असते. काही वेळाने रवंथ थांबते. गाय मान वळवून आपले मस्तक स्वतःच्या कुशीवर टेकविते. मग मिटल्या पापण्यांखाली बुबुळे हलू लागतात, कानाचे टोक फडफडते, ओठ थरथरतो, एखादे वेळी पायही किंचित झटकला जातो. काही मिनिटे गेली की गाय मान वर उचलते आणि रवंथ पुन्हा सुरू होते.

अंगणात निजलेल्या कुत्र्याचे तर विचारूच नये. त्याचे पंजे धावल्यासारखे हलतात, घशातून बारीक भुंकणे उमटते. जवळ उभी असलेली पोरे लगेच सांगतात, “कुत्रा सपनात ससा धरून राहिला.” हीच पोरे दुसरे दिवशी शाळेत विचारतात, “गुरुजी, जनावराले सपन पडते काजी?”

या प्रश्नास सहसा दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. ‘जनावरांना कसली स्वप्ने!’ हे एक, आणि ‘हो, पडतात’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची होत. खरे उत्तर यांहून अधिक मनोरंजक आहे; आणि ते समजून घेण्यात शिक्षकाचा एक निराळाच लाभ आहे. कुशीवर मान टेकविणाऱ्या गाईच्या मेंदूत जे घडते, त्याच क्रियेत बिघाड झाला म्हणजे वर्गातील एखादे मूल भर दुपारी डुलक्या घेऊ लागते, हसता हसता खाली कोसळते, किंवा ‘रात्री माझ्या छातीवर भूत बसले’ असे सांगू लागते. अशा मुलास आळशी ठरवावे, मांत्रिकाकडे न्यावे की डॉक्टरांकडे पाठवावे, हा निर्णय खेड्यात बहुधा शिक्षकाच्या शब्दावर होतो.

जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्था एकमेकींपासून भिन्न आहेत, हा विचार आपल्या देशास नवा नाही. मांडूक्य उपनिषदात त्यांचा भेद स्पष्ट केलेला आहे. तथापि स्वप्नाची झोप आणि गाढ झोप यांत शरीराच्या दृष्टीनेही भेद आहे, हे उपकरणांच्या साहाय्याने सिद्ध होण्यास इसवी सन १९५३ उजाडावे लागले. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी नाथानिएल क्लाइटमन या प्राध्यापकांच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करीत होता. मेंदूत सदैव अत्यंत सूक्ष्म विद्युत् खेळत असते. डोक्याच्या कातडीस तारा लावून ती मोजता येते आणि कागदावर तिच्या लाटा उमटविता येतात. ॲसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलास, आर्माँडला, तारा लावून निजविले. रात्री मधेच त्या मुलाची बुबुळे झपाट्याने हलू लागली आणि मेंदूच्या लाटा जाग्या माणसासारख्या दिसू लागल्या. मूल जागे झाले असावे असे वाटून बापाने जाऊन पाहिले, तो मूल गाढ झोपलेले! पुढे प्रौढ माणसांना अशा वेळी जागे करून विचारले असता, बहुतेकांनी आपण स्वप्न पाहत होतो असे सांगितले. या झोपेस मराठीत स्वप्ननिद्रा म्हणणे सोयीचे होईल. एका आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेत हा शोध लागला, ही गोष्ट प्राथमिक शाळेच्या वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

१९५८ साली विल्यम डिमेंट यांना हीच झोप मांजरात आढळली. परंतु तिचे खरे स्वरूप उलगडले ते फ्रान्समधील लीऑं शहरात. तेथे मिशेल झूवे हे शास्त्रज्ञ मांजरांच्या मानेच्या स्नायूंतील विद्युत् मोजीत होते. गाढ झोपेतही मांजराच्या मानेचा स्नायू थोडा ताठ राहतो. बसल्या बसल्या झोपलेल्या मांजराची मान म्हणूनच सावरलेली असते. पण काही वेळाने त्या स्नायूतील विद्युत् एकाएकी संपूर्ण नाहीशी होई, मान लुळी पडे, आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूच्या लाटा जागेपणासारख्या होत. मेंदू जागा आणि देह मात्र पूर्ण शिथिल! या विचित्र संयोगामुळे झूवे यांनी १९५९ साली या झोपेस ‘विरोधाभासी निद्रा’ असे नाव दिले.

आता कोठ्यातील गाईकडे पुन्हा पाहावे. रवंथ करताना आणि पेंग घेताना तिची मान उभी राहते. स्वप्ननिद्रा येण्याच्या सुमारास मात्र तिला मस्तक कुशीवर किंवा जमिनीवर टेकवावे लागते, कारण त्या अवस्थेत मान पेलणारा स्नायूच काम सोडून देतो. झूवे यांना जे यंत्राने दिसले, ते बपेऱ्याच्या गुराख्यास डोळ्यांनी दिसते. फ्रान्समधील तूलूझ येथील रुकबुश या संशोधकाने पाळीव जनावरांच्या झोपेची मोजणी १९७२ साली प्रसिद्ध केली. तीनुसार गाय दिवसाच्या चोवीस तासांत सुमारे ४ तास झोपते, सात-आठ तास पेंगते, आणि त्या झोपेपैकी स्वप्ननिद्रा अवघी पाऊण तासाच्या आसपास असते, तीही तुकड्यातुकड्यांनी. घोडा उभ्याने झोपतो असे म्हणतात ते खरे आहे, परंतु अर्धेच. त्याची हलकी व गाढ झोप उभ्याने होऊ शकते. स्वप्ननिद्रेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते.

देह असा शिथिल का होतो? याचे उत्तर मांजरांवरील आणखी एका प्रयोगाने मिळाले. मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस जोडणारा जो देठासारखा भाग असतो, त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या मधल्या, फुगीर भागास ‘सेतू’ असे नाव आहे. १९६५ साली झूवे आणि डेलॉर्म यांनी सेतूतील एक अगदी लहानशी जागा निकामी केली. ती मांजरे नेहमीप्रमाणे झोपत. परंतु स्वप्ननिद्रा सुरू होताच झोपेतच उठून उभी राहत, न दिसणाऱ्या भक्ष्यावर दबा धरीत, पंजा मारीत, पाठ फुगवून कोणाशी तरी झुंजत. समोर खरा उंदीर सोडला तरी त्याकडे त्यांचे लक्ष नसे. याचा अर्थ असा की, स्वप्ननिद्रेत मेंदू हालचालींचे हुकूम सोडतच असतो. सेतूपासून निघणारी एक व्यवस्था ते हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. कुत्र्याचा पंजा जो थोडासा हलतो, तो या कुलपाच्या फटीतून निसटलेला हुकूम होय.

मांजर स्वप्नात शिकार पाहत होते असे यावरून म्हणावे काय? मांजरास विचारता येत नाही, आणि शास्त्रास अनुमानाच्या पुढे एक पाऊलही पुराव्यावाचून टाकता येत नाही. तरी २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील लुई आणि विल्सन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग फार सूचक आहे. खाऊ मिळविण्यासाठी उंदीर एका वर्तुळाकार वाटेने धावत असता, त्याच्या मेंदूतील कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने चेततात याची नोंद त्यांनी घेतली. नंतर उंदीर झोपला. त्याच्या स्वप्ननिद्रेत त्याच पेशी त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच वेगाने पुन्हा चेतल्या. उंदीर त्या वाटेने मनात पुन्हा धावत होता, असे म्हणण्यास ही नोंद पुरेशी बळकट आहे. त्यास त्याचा ‘अनुभव’ येत होता की नाही, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही. मुलांना एवढाच फरक समजावून दिला, तरी विज्ञानाचा एक चांगला धडा होतो.

मेंदूतील रसायने

स्वप्ननिद्रा सुरू कोण करतो आणि थांबवितो कोण? येथे रसायनांचा प्रवेश होतो. मेंदूतील मज्जापेशी एकमेकींस चिकटलेल्या नसतात; त्यांच्यात अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी चेतली की ती त्या फटीत एखाद्या रसायनाचे कण सोडते, आणि समोरच्या पेशीवरील ग्राहकांना ते कण लागले म्हणजे ती चेतते किंवा उलट शांत होते. तलावाच्या पाळीतील दार उघडले की ज्या बांध्यांकडे पाट गेला असेल तेथे पाणी पोहोचते, त्याप्रमाणे मस्तिष्कस्तंभातील काही थोड्या पेशींनी आपले रसायन सोडले की साऱ्या मेंदूचा रंग पालटतो. मात्र पाट आणि मेंदू यांत एक भेद ध्यानी ठेवावा. येथे पाणी एकच नसून अनेक आहेत, आणि एकाने पीक वाढते तर दुसऱ्याने थांबते.

या रासायनिक निरोपाचा शोधही स्वप्नाशीच निगडित आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. मज्जातंतू हृदयास आपला निरोप विजेने पोहोचवितो की रसायनाने, हा प्रश्न त्यांना छळीत होता. एका रात्री झोपेत त्यांना प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी कागदावर काही खरडले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचताच ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्यांनी त्याचे ठोके मंद केले, आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याचेही ठोके मंद झाले! हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन होय. हेन्री डेल यांच्यासह लोवी यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोवी स्वतः ही हकीकत अशीच सांगत असत.

योगायोग असा की, स्वप्ननिद्रेस चालना देणाऱ्या रसायनांत याच ॲसिटिलकोलिनचे स्थान फार मोठे आहे. १९६० नंतरच्या दशकात ॲसिटिलकोलिनप्रमाणे कार्य करणारे औषध मांजराच्या सेतूत थेंबभर सोडले असता, थोड्याच वेळात मांजरास स्वप्ननिद्रा लागते आणि ती बराच वेळ टिकते, असे आढळले. २०१८ साली जपानमध्ये हिरोकी उएदा यांच्या प्रयोगशाळेने याची उलट बाजू तपासली. उंदरांमध्ये ॲसिटिलकोलिन स्वीकारणारे दोन विशिष्ट ग्राहक जन्मतःच नसतील अशी योजना केली, तेव्हा त्या उंदरांची स्वप्ननिद्रा जवळजवळ नाहीशी झाली. एवढे होऊनही ते जिवंत राहिले, ही त्यातील चकित करणारी बाब होय.

परंतु केवळ ॲसिटिलकोलिन वाढून भागत नाही. जागेपणीही ते मेंदूत भरपूर असते. मग जागेपणी आपण स्वप्न का पाहत नाही? याचे कारण दुसऱ्या दोन रसायनांत आहे. सेतूच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंस, निळसर छटेचा एक इवलासा ठिपका असतो. त्यातील पेशी नॉरॲड्रिनॅलिन नावाचे रसायन साऱ्या मेंदूस पुरवितात. मध्यरेषेवरील दुसऱ्या पेशी सेरोटोनिन पुरवितात. जागेपणी या दोन्ही जातींच्या पेशी नियमितपणे चेतत असतात, गाढ झोपेत त्या मंदावतात, आणि स्वप्ननिद्रेत जवळजवळ संपूर्ण मुक्या होतात. १९७५ साली हार्वर्ड येथील हॉब्सन व मॅकार्ली यांनी मांजरांच्या अभ्यासावरून मांडले की, स्वप्ननिद्रा चालविणाऱ्या आणि तिला आवरणाऱ्या पेशी आळीपाळीने एकमेकींवर मात करतात, आणि त्यामुळेच ही झोप रात्रभर ठरावीक अंतराने येते-जाते. त्यांच्या मांडणीत पुढे बरेच फेरफार झाले आणि इतर पेशीही सापडल्या, तरी तिचा गाभा अद्याप उपयोगी पडतो. गाढ झोपेत सर्वच रसायने ओसरलेली. जागेपणी सर्व चढलेली. स्वप्ननिद्रेत ॲसिटिलकोलिन चढलेले आणि उरलेली दोन लुप्त. तीन अवस्थांचा भेद रसायनांच्या भाषेत असा सांगता येतो. सकाळी उठल्यावर स्वप्न इतक्या लवकर का विसरते, याचेही एक कारण या लुप्त नॉरॲड्रिनॅलिनमध्ये असावे असा तर्क आहे. २०१९ साली जपानी संशोधकांना उंदरांच्या मेंदूत स्वप्ननिद्रेच्या वेळी चेतून स्मृती पुसण्यास साहाय्य करणाऱ्या पेशीही आढळल्या आहेत.

या विषयात आपल्या देशातील कार्यही मोलाचे आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बिरेंद्रनाथ मल्लिक आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे त्या निळ्या ठिपक्याचाच पाठपुरावा केला. ठिपक्यातील पेशी सौम्य विद्युतेने चेतत्या ठेवल्या, तर उंदरांची स्वप्ननिद्रा घटते, म्हणजे त्या पेशींनी गप्प होणे ही स्वप्ननिद्रेची अटच आहे, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. उंदरास स्वप्ननिद्रेपासून वंचित ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे. पाण्याने वेढलेल्या लहानशा ओट्यावर त्यास ठेवतात. गाढ झोप तो तेथे बसून घेतो. पण स्वप्ननिद्रा येताच अंग लुळे पडते, उंदीर पाण्याला टेकतो आणि जागा होतो. अशा उंदरांच्या मेंदूत नॉरॲड्रिनॅलिनचे प्रमाण चढलेले राहते, आणि त्यामुळे मज्जापेशींच्या आवरणातील, सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणाऱ्या यंत्रणेचे कार्य बदलते, असे या गटाने दाखविले. पेशी चेतण्याची क्षमता याच यंत्रणेवर अवलंबून असते. सारांश, ही झोप चुकली तर मेंदूचे साधे घरकामही बिघडते. प्रयोगातील उंदराविषयी वाचकास वाईट वाटेल, आणि ते योग्यच आहे. जे ज्ञान मिळाले त्याचे मोल या मुक्या जिवांनी चुकविलेले आहे.

या कथेतील अगदी अलीकडचा भाग २०२२ सालचा आहे. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात ताकेशी साकुराई यांच्या गटाने डोपामिन या रसायनाकडे लक्ष वळविले. मेंदूत दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचे एक केंद्र असते. भीती, आनंद यांसारख्या भावनांशी त्याचा निकट संबंध आहे. गाढ झोपेतील उंदराच्या या केंद्रात डोपामिन क्षणभर वाढते आणि लगेच स्वप्ननिद्रा सुरू होते, असे आढळले. प्रकाशाच्या साहाय्याने तेथे कृत्रिमरीत्या डोपामिन सोडविले, तेव्हाही तेच झाले. भावनेचे केंद्र स्वप्नाच्या दाराशी असावे, हे ज्याने कधी भयंकर स्वप्न पाहिले आहे त्यास पटण्याजोगे आहे.

राहिले ते देहाचे कुलूप. सेतूतून निघालेला निरोप खाली उतरून मज्जारज्जूकडे पोहोचतो आणि तेथे ग्लायसिन व गाबा ही दोन शामक रसायने स्नायूंच्या चालक पेशींना गप्प करतात. टोरांटो येथील ब्रुक्स व पीव्हर यांनी २०१२ साली उंदरांवर दाखविले की, यांपैकी एकाचाच प्रभाव रोखला तर कुलूप तसेच राहते. दोन्हींचा रोखला तरच ते उघडते. निसर्गाने येथे दोन किल्ल्यांची व्यवस्था ठेवली आहे. श्वासाचा मुख्य पडदा आणि डोळ्यांचे स्नायू मात्र या कुलपातून वगळलेले आहेत. म्हणूनच गाईचा श्वास चालू राहतो आणि तिची बुबुळे हलताना दिसतात.

कुलूप अवेळी लागते तेव्हा

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉबरमन जातीच्या काही कुत्र्यांचा वंश पाळण्यात आला होता. पुढ्यात आवडता खाऊ ठेवला की कुत्रा हर्षाने उड्या मारीत येई आणि एकाएकी पाय लुळे पडून जमिनीवर कोसळे. डोळे उघडे, शुद्ध पूर्ण. फक्त अंग हलत नसे. क्षणात तो उठून पुन्हा खाऊकडे जाई. १९९८ साली दोन निरनिराळ्या गटांनी मेंदूतील एक नवे रसायन शोधून काढले. त्याचे एक नाव ओरेक्झिन. वर उल्लेखिलेले साकुराई त्या गटांपैकी एकात होते. पुढील वर्षी, १९९९ मध्ये, एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखविले की, या कुत्र्यांत ओरेक्झिन स्वीकारणाऱ्या एका ग्राहकाचा जनुक बिघडलेला आहे. त्याच वर्षी ओरेक्झिन नसलेल्या उंदरांतही तसाच विकार आढळला. ओरेक्झिनचे काम जागेपण स्थिर ठेवणे हे होय. निळ्या ठिपक्यास आणि त्याच्या सोबत्यांस ते सतत चेतते ठेवते. ते नसले की जागेपण आणि स्वप्ननिद्रा यांमधील भिंत पातळ होते, आणि भर जागेपणी हर्षाच्या भरात स्वप्ननिद्रेचे कुलूप देहास लागते.

हाच विकार माणसांत होतो. जेलिनो या फ्रेंच वैद्याने १८८० साली त्यास ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले होते. त्याचे कारण मात्र १२० वर्षांनी, २००० साली, या जनावरांच्या अभ्यासामुळे उलगडले. मनुष्याच्या मेंदूत ओरेक्झिन तयार करणाऱ्या पेशी लाखाहूनही कमी असतात, आणि नार्कोलेप्सीच्या रुग्णांत त्यांपैकी बहुतेक नष्ट झालेल्या आढळल्या. शरीराची रोगप्रतिकारक व्यवस्थाच चुकून त्यांना मारीत असावी असे मानले जाते. विकार विरळ आहे. पण त्याचा आरंभ पुष्कळदा शाळेच्या वयात होतो, आणि येथे शिक्षकाचा संबंध येतो.

असे मूल रात्री पुरेसे झोपूनही दिवसा अनावर झोपेने घेरले जाते. लिहिता लिहिता अक्षर वाकडे होत जाते आणि पेन्सिल घसरते. मोठ्याने हसताना त्याचा जबडा लटकतो, गुडघे वाकतात, क्वचित ते खाली पडते; परंतु शुद्ध हरपत नाही, आणि पडले असता आजूबाजूचे बोलणे त्यास ऐकू येत असते. मिरगीच्या मोठ्या झटक्यापासून ओळखण्याची ही महत्त्वाची खूण होय. गावात यास कोणी सोंग म्हणतो, कोणी आळस म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. छडीने हा विकार बरा होत नाही, अंगाऱ्याधुपाऱ्यानेही नाही. नष्ट झालेल्या पेशी परत आणणारा उपाय अद्याप नसला, तरी औषधांनी आणि दिवसातून ठरावीक वेळी थोडी झोप दिल्याने मूल शिकू शकते, खेळू शकते. शिक्षकाने काय पाहिले, किती वेळा पाहिले, हसताना पाहिले की बसल्या जागी, हे तारखांसह लिहून पालकांच्या हाती द्यावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सांगावे. तेथून मोठ्या रुग्णालयात पाठविले जाईल तेव्हा ती चिठ्ठी डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. वर्गात पेंगणारे प्रत्येक मूल रोगी नसते. पेंगणाऱ्यांपैकी फारच थोडी तशी असतात. रोवणीच्या दिवसांत घरची माणसे उशिरा परततात, चूल उशिरा पेटते, आणि मूल रात्री दहा-अकराला निजून पहाटे उठते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तासांची झोप हवी असते. स्वप्ननिद्रेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. त्यामुळे पहाटे लवकर उठविलेल्या मुलाची नेमकी तीच झोप कापली जाते. अशा मुलाबाबत आधी आईबापांशी बोलावे.

छातीवर बसणाऱ्या भुताचे रहस्यही याच कुलपात आहे. कधी कधी मेंदू स्वप्ननिद्रेतून जागा होतो, पण ग्लायसिन व गाबा यांचे कुलूप काही क्षण तसेच राहते. डोळे उघडतात, खोली दिसते, परंतु हात हलत नाही, हाक निघत नाही. छातीचे इतर स्नायू शिथिल असल्याने श्वास दडपल्यासारखा वाटतो, आणि स्वप्नाचा उरलेला भाग कोपऱ्यात कोणी उभे असल्यासारखा दिसतो. निरोगी माणसांनाही, विशेषतः झोप अपुरी असता आणि उताणे निजले असता, आयुष्यात केव्हा तरी असा अनुभव येतो. मुलाने हे घाबरून सांगितल्यास त्यास हसू नये. त्याने पाहिले ते खोटे नसते. त्याचा अर्थ मात्र निराळा असतो. याच्या उलट, वृद्ध पुरुषांत क्वचित कुलूप लागतच नाही, आणि ते झोपेत लाथा मारतात, खाटेवरून उडी घेतात. झूवे यांच्या मांजरांत १९६५ साली दिसलेला हा प्रकार माणसांतील विकार म्हणून १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे नोंदला गेला. अशा रुग्णांपैकी अनेकांना पुढे कंपवात होतो असे आढळल्याने, घरातील आजोबा झोपेत वारंवार झुंजू लागले तर त्यांना डॉक्टरांस दाखविणे शहाणपणाचे ठरते.

पाठासाठी निरीक्षण

चौथीच्या मुलांकडून पुढील निरीक्षण सहज करवून घेता येईल. दिवाळीनंतरच्या थंडीत, ज्यांच्या घरी गाय व वासरू दोन्ही आहेत अशा मुलांनी पहाटे कोठ्याच्या दाराशी शांतपणे बसावे. जवळ जाऊ नये, स्पर्श करू नये, दिव्याचा प्रकाश जनावराच्या डोळ्यांवर पाडू नये. रवंथ केव्हा थांबते, मस्तक कोणत्या कुशीवर टेकते, कान व पापणी केव्हा हलते आणि मान किती मिनिटांनी उचलली जाते, हे वहीत लिहावे. वासराची नोंद वेगळी ठेवावी. लहान वयात स्वप्ननिद्रा अधिक असते. नवजात मनुष्यबालकाच्या झोपेचा सुमारे अर्धा भाग तिचाच असतो, प्रौढाच्या झोपेचा मात्र पाचवा ते चौथा भाग. तेव्हा वासरू गाईपेक्षा अधिक वेळा मस्तक टेकविते काय, हे मुलांनी स्वतः मोजून ठरवावे.

कोठ्याची जमीन कोरडी असलेल्या घरची नोंद आणि ओली असलेल्या घरची नोंद शेजारी शेजारी फळ्यावर लिहावी. गुरे चिखलात बसण्यास नाखूष असतात; आखूड दाव्याने बांधलेल्या बैलास तर मान वळवून कुशीवर टेकविताच येत नाही. उभ्या जनावरास पेंग येते, थोडी झोपही येते, पण ज्या झोपेत मान लुळी पडते ती येऊ शकत नाही. दिवसभर चिखलणी करून आलेल्या बैलाचे दावे किती हात लांब आहे, हे मोजण्याचे काम वर्गातील एखाद्या चळवळ्या मुलाकडे द्यावे. तो घरोघरी जाऊन ते आनंदाने करील, आणि त्याचे बोलणे घरची मोठी माणसेही ऐकतील.